मौनाच्या खर्चापुरती दारू

गिऱ्हाईक रांगेत उभं असताना दारू गाळणाऱ्याने माल वाढवायला नकार द्यावा, हे धंद्याच्या कुठल्याच गणितात बसत नाही. पण शार्त्रूझ ही दारू काढणारे कार्थुसियन मठवासी धंदेवाईक नाहीतच. फ्रान्समध्ये ग्रनोबलजवळच्या डोंगरात त्यांचा मूळ मठ आहे. प्रत्येकाला वेगळी खोली, मांस वर्ज्य, बहुतेक वेळ मौन. मोकळं बोलणं आठवड्यातून एकदा, फिरायला जाताना.

१६०५ साली मार्शल देस्त्रे यांनी पंथाच्या पॅरिसमधल्या मठाला एका औषधी अर्काचं हस्तलिखित दिलं. ते इतकं किचकट, की नीट कृती हाती यायला १७६४ उजाडलं. तो ६९ टक्के अल्कोहोलचा अर्क आजही साखरेच्या खड्यावर थेंब टाकून घेतात. आपल्या काढ्याचाच हा परदेशी भाऊबंद. पुढे त्यातून ५५ टक्क्यांची हिरवी शार्त्रूझ निघाली आणि १८३८ पासून सौम्य, जास्त गोड पिवळी.

वनस्पती १३०. त्या मठातच निवडून, मिसळून डिस्टिलरीत पाठवतात. पूर्ण कृती एका वेळी दोन-तीन मठवासीयांनाच ठाऊक. अर्क गाळून त्यात साखर घालायची आणि ओकच्या पिंपांत काही वर्षं मुरवायचं. हिरवा रंग वनस्पतींचाच.

१९०३ मध्ये फ्रेंच सरकारने त्यांना देशाबाहेर काढलं, नाव आणि डिस्टिलरी जप्त करून विकली. विकत घेणाऱ्यांना नाव मिळालं, कृती नाही! मठवासी स्पेनमध्ये तारागोनाला अस्सल माल काढत राहिले आणि फ्रान्समधली कंपनी १९२९ मध्ये बुडाली. तिचे मातीमोल शेअर स्थानिक व्यापाऱ्यांनी घेऊन मठाला देऊन टाकले. एवढं होऊन १९३५ मध्ये दरड कोसळली आणि जुनी डिस्टिलरी गाडली गेली. काम व्हुआरों या गावी हललं.

अलीकडचं संकट मात्र भरभराटीचं. शार्त्रूझ घालून करायच्या 'लास्ट वर्ड' या जुन्या कॉकटेलची पुन्हा चलती झाली, मागणी वाढली. २०१९ मध्ये मठवासीयांनी ठरवलं, की उत्पादन वाढवायचं नाही. मठाचा खर्च आणि दानधर्म भागला की पुरे. त्यापुढे दारूत वेळ घालवला तर प्रार्थनेला कुठून आणायचा? अमेरिकेतल्या दुकानांत त्यानंतर बाटल्यांचा तुटवडा पडला. मला हा नकार पटतो. मठ दारूसाठी नाही, दारू मठासाठी, हा हिशेब त्यांनी बाजाराच्या हाती दिला नाही.

बाटली मिळालीच तर टोपणावरचा क्रमांक पाहा. पहिल्या तीन आकड्यांत पंथाच्या स्थापनेचं साल, १०८४, मिळवलं की बाटली भरल्याचं वर्ष निघतं: ९३० असेल तर २०१४.