कुऱ्हाड : उत्तरेची आणि विदर्भाची

रानावनांत शिबिरे करणाऱ्या हौशी मंडळींसाठी ‘व्हायकिंग पद्धतीची’ म्हणून एक कुऱ्हाड आज बाजारात विकली जाते. तिच्या पात्याचे खालचे टोक दाढीसारखे खाली उतरलेले असते. ही दाढी केवळ शोभेची नव्हे. तिच्यामुळे वजन फारसे न वाढता धार लांब होते. शिवाय दाढीमागच्या पोकळीत बोटे घालून दांडा अगदी धारेच्या पाठीशी धरता येतो, आणि मग तोडण्याचे हे हत्यार लाकूड तासण्याच्याही कामी येते. इ. स. 8 व्या ते 11 व्या शतकांत उत्तर युरोपातील दर्यावर्दी लोकांनी कुऱ्हाडीनेच नौकांच्या फळ्या तासल्या. डेन्मार्कमधील मामेन येथे 1868 मध्ये एका थडग्यात चांदीचे नक्षीकाम केलेली कुऱ्हाड मिळाली. त्या थडग्याची लाकडे 970–71 च्या हिवाळ्यात तोडलेली होती, हे लाकडातील वार्षिक वलयांवरून ठरविता आले. अर्थात ती मानाची वस्तू होय. रोजच्या कामाची कुऱ्हाड साधीच असे.

महाराष्ट्रीय वाचकाला मात्र याहून पुष्कळ जुन्या लोखंडी कुऱ्हाडी घराजवळच पाहावयास सापडतात. नागपूर जिल्ह्यातील टाकळघाट-खापा, माहूरझरी व नायकुंड येथील शिलावर्तुळांखाली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील दफनांत, मृतांसोबत कुऱ्हाडी ठेवलेल्या आढळल्या. या उत्खननांशी डॉ. शां. भा. देव यांचे नाव निगडित आहे. नायकुंड येथे 1978–80 च्या उत्खननात तर लोखंड गाळण्याची भट्टीच हाती आली. तेव्हा ही हत्यारे परदेशांतून आणलेली असावीत, असे मानण्याचे कारण उरले नाही. या कुऱ्हाडींचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्यांच्या चपट्या पात्याला दांड्यासाठी नेढे नाही. एकमेकींना छेद देणाऱ्या लोखंडी कड्यांनी पाते दांड्याला जखडीत असत. पाते आणि दांडा यांचा सांधा हेच कुऱ्हाडीचे मर्मस्थान, हे त्या लोहारांनी ओळखले होते.

घावाचे बळ वजनापेक्षा वेगावर अधिक अवलंबून असते. वजन दुप्पट केल्यास गतिज ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केल्यास ती चौपट होते. म्हणून बेताच्या वजनाची, लांब दांड्याची कुऱ्हाड बोजड कुऱ्हाडीहून सरस ठरू शकते.

धारेची गोष्ट निराळी. तापवून लाल केलेले पोलाद पाण्यात बुडविले की ते अतिशय कठीण होते. पण काचेसारखे ठिसूळही होते. ते पुन्हा मंद तापवावे लागते. घासून स्वच्छ केलेल्या पात्यावर गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढला, की उष्णता 230 अंश सेल्सियसच्या आसपास पोचली असे कसबी लोहार ओळखतो. बाकीचे पाते मऊच राहिलेले बरे, कारण घावाचा धक्का त्यालाच सोसावयाचा असतो. पोलाद महाग होते त्या काळी युरोपातील लोहार लोखंडी पात्याला धारेपुरतीच पोलादाची पट्टी जोडीत.

कुऱ्हाड विकत घेणाराने नक्षीकडे न पाहता प्रथम दांडा पाहावा. लाकडाचे तंतू दांड्याच्या लांबीला समांतर धावत असावेत. ते तिरपे असल्यास दांडा तेथेच फाटतो. सैल झालेले पाते घट्ट करण्यासाठी कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते. ती घातक आहे. फुगलेले लाकूड नेढ्याच्या लोखंडावर दाबले जाऊन त्याचे तंतू चिरडतात, आणि वाळल्यावर पाते पूर्वीहून अधिक सैल होते. असे पाते घावासरशी निसटून जवळ उभ्या असलेल्या माणसावर जाऊ शकते. नवी पाचर ठोकावी. तीही बसत नसल्यास दांडा बदलावा.