इंग्रजी एकच, उच्चार अनेक

कोकणातल्या कितीतरी घरांतली मुले दुबई, दोहा, कुवेतला नोकरीला जातात. इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगाही तिथल्या साहेबाचे बोलणे समजले नाही की खचतो, 'माझे इंग्रजीच कच्चे' असे धरून बसतो. बहुतेक वेळा इंग्रजी कच्चे नसते, कानाला सवय नसते.

अरबीत 'पे' हे अक्षर नाही, हे उर्दू शिकणाऱ्या आपल्या मुलांना ठाऊक असते. म्हणूनच अनेक अरब 'पार्किंग'ला 'बार्किंग' म्हणतात. अमेरिकन माणूस 'वॉटर'मधला 'ट' मऊ करून 'ड'कडे नेतो. लंडनमध्ये 'कार'मधला 'र' सहसा ऐकूच येत नाही. न्यूझीलंडचा 'पेन' आपल्याला 'पिन' वाटतो. यात चूक कोणाचीच नाही. प्रत्येकाच्या उच्चाराला नियम असतो. तो कळला की बोलणे उलगडते.

परदेशी शिक्षणासाठी मुले-मुली आयईएलटीएस परीक्षा देतात. तिच्या ऐकण्याच्या भागात 40 प्रश्न असतात, निरनिराळे उच्चार असतात आणि ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. तेव्हा तयारी आधीपासूनच हवी.

रोज 15 मिनिटे मोबाइलवर इंग्रजी बातम्या ऐकवा: एक दिवस बीबीसी, एक दिवस अल जझीरा. आधी नुसते ऐकायचे, मग खाली अक्षरे लावून पुन्हा. आणि मुलांना एक गोष्ट जरूर सांगा: पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही, न समजता 'येस सर' म्हणण्यात मात्र नुकसान आहे.