पावसातील सहल

आमच्या आईस दमा. बेळगावात पावसाची झड लागली, की तिचा श्वास कोंडतो. म्हणून पावसाळी सहल आमच्या घरी निषिद्धच. यंदा मात्र तिनेच हट्ट धरिला. डॉक्टरांना विचारून आम्ही सहकुटुंब गोकाकला गेलो. घटप्रभेचा तो सुमारे १७० फुटी धबधबा उन्हाळ्यात अगदी क्षीण होतो. ज्या पावसाला आम्ही नावे ठेविली, त्यानेच तो असा तांबूस, घनगंभीर कोसळतो! तुषार बाधू नयेत म्हणून आईस दूर मोटारीतच बसविले. अंगावर कांबळे, हाती आल्याचा चहा, भाजलेले कणीस (मुलांच्या वाट्याचेही तिनेच संपविले!). नातू तुषार ओंजळीत धरून धावत येई; पोचेतो ओंजळ रिती होई. हसता हसता तिला धाप लागे. ती ओसरली, की त्यास पुन्हा पाठवी.