रेकॉर्डमागची घरघर

प्रल्हाद शिंदे यांची जुनी रेकॉर्ड लावावी आणि आवाजामागे सतत घरघर ऐकू यावी, हा अनुभव अनेकांना असेल. आम्ही कला शाखेचे, बँकेत आकडे जुळवणारे. पण चूक शोधायची रीत इथेही तीच, एकेक बाब वेगळी करून पाहावी.

टर्नटेबलच्या कार्ट्रिजमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात. फोनो प्रीॲम्प ते सुमारे १०० पट वाढवतो. रेकॉर्ड तयार करताना खालचे स्वर दाबलेले असतात, म्हणून ५० हर्ट्झला ही वाढ ७०० पटींच्या घरात जाते. आणि आपली वीज नेमकी ५० हर्ट्झची!

प्रथम टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर प्रीॲम्पच्या स्क्रूला घट्ट बसवावी. बहुधा काम इथेच होते. नाहीतर प्रीॲम्प ट्रान्सफॉर्मरपासून दूर न्यावा, सर्व यंत्रे एकाच बोर्डावर लावावीत. मात्र नागपूरच्या उन्हाळ्यात त्या बोर्डावर कूलर नको. रेडिओ ऐकू आल्यास सिग्नलची वायर आखूड करावी. ती एरियल बनते.

थ्री-पिनची अर्थिंग काढूनही घरघर कधी जाते. आमच्याकडे एका मेकॅनिकने तेच केले. पुढे ॲम्प्लिफायरच्या डब्याला हात लागताच असा झटका बसला की हात झिणझिणत राहिला. जिवाशी खेळ तो! पिन पुन्हा जोडली, घरघर परतली. दोष टर्नटेबलच्याच एका सैल स्क्रूत निघाला.