चातुर्मास आणि घरातील मुके जीव

आषाढात मेघ दाटून आले की साधू-साध्वी विहार थांबवून एके ठिकाणी स्थिरावतात. पावसाळ्यात भूमीवर सूक्ष्म जीवांची उत्पत्ती विपुल होते. चालताना त्यांची विराधना होऊ नये, हा त्यामागील हेतू आपणां सर्वांस परिचित आहे. श्रावक-श्राविकाही या काळात पालेभाज्या वर्ज्य करतात, धान्य निवडून घेतात, पाणी गाळून व उकळून पितात. जीवोत्पत्ती अधिक, तेथे यत्नाचार अधिक, असा हा साधा नियम आहे. घरातील कुत्रा, मांजर किंवा गोठ्यातील गाय यांच्या बाबतीतही तो पाळला, तर त्यांचे अनेक पावसाळी आजार टळू शकतात.

या संदर्भात जैन कुटुंबांत एक पेच नेहमी उद्भवतो. कुत्र्याच्या अंगावर गोचीड दिसते. औषध लावावे तर गोचीड मरते, न लावावे तर कुत्रा आजारी पडतो. या संकोचात कित्येकदा आठवडे निघून जातात. वस्तुतः विलंबानेच हिंसा वाढते. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरून भिंतीच्या भेगांत किंवा फरशीच्या सांध्यांत हजारोंच्या संख्येने अंडी घालते. पुढे संपूर्ण घरात फवारणी करण्याची वेळ येते ती यामुळेच. शिवाय गोचीड रक्तात रोगजंतू सोडते. ताप, मलूलपणा, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, गडद तांबूस लघवी ही त्या आजारांची लक्षणे होत. उपचारास उशीर झाल्यास प्राणी दगावतो.

म्हणून गोचीड येण्यापूर्वीच उपाय योजावा. रोज सायंकाळी कानांच्या घड्या, मान, काख आणि बोटांच्या बेचक्या हाताने चाचपून पाहाव्यात. भिंतींच्या भेगा बुजवाव्यात, अंथरूण उन्हात घालावे. काही औषधे व पट्टे गोचिडीला अंगावर टिकूच देत नाहीत. पशुवैद्यकांकडे अशाच औषधाची मागणी करावी. मात्र कुत्र्यांसाठीची पर्मेथ्रिनयुक्त औषधे मांजरास कदापि लावू नयेत. ती त्याच्यासाठी प्राणघातक ठरतात. रॉकेल किंवा फिनेल अंगास चोळणे हाही उपाय नव्हे, त्वचा भाजणारा अपाय आहे.

अंगावर आधीच बसलेल्या गोचिडीचे काय, हा प्रश्न उरतोच. शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले असून, गृहस्थाने प्रथम संकल्पी हिंसेचा त्याग करावयाचा असतो. आश्रित जीवाच्या रक्षणासाठी केलेला उपचार मारण्याच्या संकल्पातून होत नाही. तरीही मन साशंक असेल, तर गुरुमहाराजांचे मार्गदर्शन अवश्य घ्यावे. परंतु तोवर प्राण्यास उपचाराविना ठेवू नये.

जखमेच्या बाबतीतही हेच खरे आहे. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी अंडी घालते आणि साधारण एका दिवसात अळ्या पडतात. मग प्राण्याचे हाल होतात आणि अळ्याही काढाव्याच लागतात. जखम लहान असतानाच स्वच्छ धुऊन, औषध लावून झाकली, तर दोन्ही जीव वाचतात.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत प्राण्याला जखडून बांधणे आणि त्याचे अन्नपाणी रोखणे यांचा समावेश आहे. पावसाळ्यात हे दोन्ही दोष नकळत घडतात. अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा पागोळ्यांखाली भिजत राहतो. ओल्या पंजांत आणि लोंबत्या कानांत बुरशी वाढते. त्याला कोरडी, उंच जागा द्यावी आणि फिरून आल्यावर पंजे व कान पुसून कोरडे करावेत.

आपले रात्रिभोजनत्यागाचे आणि उपवासाचे नियम त्याच्यावर लादू नयेत. जेवण सूर्यास्तापूर्वी देण्यास हरकत नाही. पाणी मात्र रात्रभर समोर असावे. गाळून, उकळून थंड केलेले घरचे पाणी त्यालाही हितकर आहे. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तपेशी नष्ट करतात. आपल्या स्वयंपाकघरात तो धोका सहसा नसतो. परंतु पारण्याच्या शिऱ्यातील बेदाणे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात, हे तासगावच्या द्राक्षांच्या प्रदेशातही थोड्यांनाच ठाऊक असते. कुत्रा नियोजनपूर्वक दिलेल्या शाकाहारावर राहू शकतो. केवळ दूध-भात पुरेसा नाही. मांजराची देहरचनाच मांसाहारी आहे. टॉरिन या घटकाच्या अभावी त्याची दृष्टी जाते आणि हृदय दुबळे होते. त्यामुळे मांजर पाळण्याचा निर्णय घेण्यापूर्वीच कुटुंबाने याचा विचार करावा.

साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू मिसळतात. कुत्र्याला डबक्यातील पाणी पिऊ देऊ नये. हा आजार माणसालाही होतो. धान्य झाकून ठेवावे, खरकटे उघडे टाकू नये; उंदरांना मारण्यापेक्षा त्यांना निमंत्रण न देणे अधिक श्रेयस्कर. लेप्टोस्पायरोसिस आणि रेबीज यांच्या लसी कुत्र्यास पशुवैद्यकांच्या सल्ल्याने वेळच्या वेळी द्याव्यात. गायी-म्हशींना घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी, गोठ्याची जमीन कोरडी ठेवावी आणि बुरशी आलेला चारा घालू नये. पांजरपोळास दान देणाऱ्यांनी चाऱ्याबरोबर लसीकरणाचीही चौकशी करावी.

कुत्र्याचे अंग आपल्या हाताला नेहमीच गरम लागते. साधारण 101 ते 102 अंश फॅरनहाइट हे त्याचे स्वाभाविक तापमान आहे. त्यामुळे तापाचा अंदाज हाताने बांधू नये आणि घरातील गोळी तर मुळीच देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेऊ शकते. प्राण्याने दिवसभर अन्न सोडले, वारंवार उलट्या झाल्या, शौचातून रक्त पडले किंवा डोळे-हिरड्या पिवळ्या दिसल्या, तर त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे जावे.

संवत्सरीस आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. दाराशी बसलेला मुका जीव आपली वेदना सांगू शकत नाही. ती आपणच रोज हात फिरवून ओळखावयाची असते. या चातुर्मासाच्या नियमांत सायंकाळच्या त्या पाच मिनिटांचाही समावेश करावा.