पडद्यावरचा तायाप्पा आणि दारातला जोगत्या

मैत्रिणींनो, मंगळवारी-शुक्रवारी दारात चौंडकं वाजलं की आपण काय करतो? पसाभर पीठ परडीत टाकतो, भंडारा कपाळाला लावून घेतो आणि गॅसवरचं दूध उतू जाईल म्हणून आत पळतो. लुगडं नेसलेल्या त्या जोगत्याचं नाव विचारायला सवड कुणाला? जयसिंगपुरात माझ्या संसाराला पंधरा वर्षं झाली. दर मार्गशीर्षात सौंदत्तीला निघालेल्या गाड्या बघते, पण मीही कधी विचारलं नाही.

परवा माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई मधल्या सुट्टीत आली. (मी शाळेत अर्धवेळ शिकवते.) मुलगा आठवीतला, हुशार, पण चालणं-बोलणं नाजूक. मुलं चिडवतात. आई हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, ह्याला एकदा डोंगरावर नेऊन आणू काय? सासूबाई म्हणतात, देवीचं बोलावणं असंल." मला उत्तरच सुचेना.

घरी येऊन 'जोगवा' पुन्हा पाहिला. राजीव पाटील यांचा 2009 सालचा हा चित्रपट तुम्हीही पाहिला असेल. आपल्या कोल्हापूरकडच्याच राजन गवसांच्या लेखनावर तो बेतलेला आहे. देवीच्या नावानं लुगडं नेसवलेला तायाप्पा उपेंद्र लिमयेंनी असा उभा केलाय, की राष्ट्रीय पुरस्कार मिळाला यात नवल नाही. त्याची आणि सुलीची ओढ बघून मी पुन्हा रडले. पण या खेपेला एक शंका आली. तायाप्पावर लुगडं लादलं गेलं, हे खरं. पण ज्याच्या मनातच लुगडं आहे, त्याचं काय?

ते मला माहितीपटांत सापडलं. तिथे नट नसतो, ज्याचं दुःख तोच बोलतो. भाच्यानं लॅपटॉपवर 'पॅरिस इज बर्निंग' लावून दिला. नाव पॅरिसचं, पण गोष्ट न्यूयॉर्कची. जेनी लिव्हिंग्स्टन यांनी तो 1990 साली पुरा केला. त्यात घराला नकोशी झालेली काळी आणि लॅटिन वंशाची पोरं एकत्र येऊन आपली 'घरं' करतात, आणि प्रत्येक घराला एक 'आई' असते! आपल्याकडच्या हिजड्यांच्या गुरू-चेल्यांची आठवण झाली. त्यातली व्हीनस ही नाजूक मुलगी लग्नाची, संसाराची स्वप्नं सांगते. चित्रीकरण पुरं व्हायच्या आत, 1988 साली तिचा खून झाला. ती बातमी तिच्या सख्ख्या घरच्यांना कळवावी लागली ती या मानलेल्या आईला, अँजीला. तिथे मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

चित्रपट गाजल्यावर त्यातल्या काहींनी "आमचा वाटा कुठाय?" म्हणून वकील गाठले. शेवटी सुमारे 55 हजार डॉलर तेरा जणांत वाटले गेले. दुःख त्यांचं, नाव दुसऱ्याचं, राग येणारच. 2023 सालच्या 'कोकोमो सिटी'त मात्र कॅमेऱ्यामागची डी. स्मिथ स्वतःच काळी तृतीयपंथी बाई आहे. त्यातल्या बायका मैत्रिणीपाशी बोलावं तशा बोलतात. (मुलं झोपल्यावर बघा हं, भाषा मोकळी आहे.)

आपल्या मुंबईच्या हिजड्यांवर 2005 साली माहितीपट केला तो एका जर्मन माणसानं, थॉमस वार्टमान यांनी. त्यात ठाण्याची लक्ष्मी त्रिपाठी दिसते. पुढे तिनं आपली कहाणी मराठी पुस्तकातही सांगितली. आणि कर्नाटकातल्या मंजम्मा जोगती? 2021 साली पद्मश्री घेताना त्यांनी पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढली, ते दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. लहानपणी घरच्यांनी त्यांनाही देवीला सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या आईला म्हटलं, "दर्शनाला खुशाल जा. पण त्याच्या गळ्यात दर्शन बांधू नका. त्याला तसाच घरी परत आणा."

ती बराच वेळ पदराशी चाळा करत उभी होती. मग म्हणाली, "आणि ह्यांस्नी काय सांगू?"

शनिवारी दोघांनाही बोलावलंय. शाळा सुटल्यावर मी थांबणार आहे.