हरवलेल्या डिस्कचा पत्ता

विंडोज १० ची नियमित देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढत नाही आणि नवा घ्यायचा तर खिशाला परवडत नाही. अशा वेळी बरेच लोक लिनक्सकडे वळतात. लिनक्स फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते आणि त्यात मराठीही उत्तम लिहिता येते. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली ते सुरू केले. आपल्याकडे सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ नावाची भारतीय आवृत्ती आणली. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही ऐकता येतात. मी कलाशाखेचा बीए, त्यात कवी. तरीही बऱ्याच वर्षांपासून माझे सारे लिखाण लिनक्सवरच चालते.

या लिनक्सची नवी आवृत्ती बसवली, म्हणजे अपग्रेड केले, की कधी कधी एक विचित्र प्रकार घडतो. कॉम्प्युटर सुरू होतो, पण दुसरी हार्ड डिस्क दिसत नाही. तिच्यातले फोटो, हिशेब, पत्रे, सगळेच गायब! माणसाच्या पोटात गोळा येतो.

माझ्याही बाबतीत हे घडले. त्या डिस्कमध्ये आमच्या समुद्रपूर तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण होते. त्यातल्या काही जणी आज हयात नाहीत. मदतीला आलेला तरुण म्हणाला, “चाचा, डिस्क गेली वाटते. फॉरमॅट करून पाहू का?” मी म्हणालो, “बेटा, हात नको लावू. आधी ती कुठे आहे ते पाहू.” घाईत फॉरमॅट केली असती तर ते आवाज पुन्हा कुठून आणणार होतो?

ती डिस्क जागच्या जागी होती. कॉम्प्युटरकडे तिचा जुना पत्ता होता, एवढेच. हे कसे होते ते समजून घेऊ.

विंडोजमध्ये सी, डी, ई अशी अक्षरे असतात. लिनक्समध्ये ती नसतात. तिथे एकच मोठे झाड असते आणि प्रत्येक डिस्क त्याच्या एखाद्या फांदीला, म्हणजे फोल्डरला, जोडावी लागते. या जोडण्याला ‘माउंट’ करणे म्हणतात. कोणती डिस्क कुठे जोडायची, याची यादी ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलमध्ये असते. कॉम्प्युटर सुरू होताना ही यादी वाचतो.

घोळ होतो तो नावांमुळे. लिनक्स डिस्कना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे देते, पण ज्या क्रमाने त्या सापडतील त्या क्रमाने. रेशनच्या रांगेत आज तुमचा नंबर तिसरा असेल, उद्या पाचवा. त्या नंबरावरून कोणी माणूस ओळखू लागले तर धान्य भलत्याच्याच पिशवीत जायचे. २००७ च्या सुमारास तर ‘एचडीए’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डिस्क नव्या आवृत्त्यांमध्ये ‘एसडीए’ झाल्या आणि ज्यांच्या यादीत जुनी नावे होती त्यांची पंचाईत झाली. नावावर जाऊ नये, हे आम्हा समुद्रपूरकरांना कोणी सांगायला नको. आमच्या गावात समुद्र कुठे आहे?

यावर उपाय आहे. डिस्कच्या प्रत्येक भागाला एक लांबलचक ओळख क्रमांक असतो, त्याला ‘यूयूआयडी’ म्हणतात. हा त्या भागाचा आधार क्रमांकच समजा. रांग बदलली तरी तो बदलत नाही. मात्र फॉरमॅट केले की तोही बदलतो आणि आतला मजकूरही हाताबाहेर जातो.

मग शोधायचे कसे? उबुंटूत ‘डिस्क्स’ नावाचा प्रोग्रॅम असतो, तो उघडा. टर्मिनलची सवय असेल तर ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा ‘-एफ’ जोडून द्या. डिस्क, तिचे भाग, ओळख क्रमांक आणि ती कुठे जोडली आहे, हे सारे समोर येते. इथेही डिस्क दिसली नाही, तर कॉम्प्युटर बंद करून आतली केबल आधी तपासा. दिसली, तर निम्मी चिंता मिटली. ‘डिस्क्स’मध्ये त्या भागाखालचे त्रिकोणी बटण दाबा, ती जोडली जाते. शेजारच्या दातेरी चाकाच्या बटणात ‘फॉरमॅट’ दडलेले असते, तिकडे जपून.

कायमच्या सोयीसाठी ‘एफएसटॅब’मध्ये जुन्या नावाच्या जागी ओळख क्रमांक लिहावा. त्याआधी त्या फाइलची एक प्रत काढून ठेवावी. त्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्दही घालावा. तो नसला आणि डिस्क सापडली नाही, तर कॉम्प्युटर दीड मिनिट वाट पाहून अर्ध्यातच अडून बसतो.

आणखी दोन गोष्टी. डिस्क विंडोजमध्ये वापरलेली असेल आणि विंडोज पूर्ण बंद केले नसेल, तर लिनक्स ती उघडायला नकार देऊ शकते. विंडोज ८ पासून आलेले ‘फास्ट स्टार्टअप’ हे त्यामागचे नेहमीचे कारण. २०२१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आलेला नवा चालक याबाबत अधिक कडक आहे, त्यामुळे काल उघडणारी डिस्क अपग्रेडनंतर अडू शकते. जबरदस्ती करू नका. विंडोजमध्ये जाऊन ती सोय बंद करा आणि कॉम्प्युटर नीट बंद करा.

दुसरी गोष्ट रिकाम्या फोल्डरची. डिस्क जोडलेली नसताना तिचे फोल्डर रिकामे दिसते. ‘सगळे पुसले गेले’ असे समजून लोक त्यातच नव्या फाइली ठेवतात. पुढे डिस्क जोडली गेली की जुन्या फाइली परत दिसतात आणि नव्या तिच्याखाली झाकल्या जातात. त्या नष्ट होत नाहीत. डिस्क सोडवली की पुन्हा दिसतात. पण तोवर जिवाला घोर!

म्हणून अपग्रेडच्या आदल्या दिवशी दोन कामे करा. डिस्कची नावे आणि ओळख क्रमांक एका कागदावर उतरवून ठेवा, आणि जे पुन्हा मिळणार नाही त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. एवढे करूनही डिस्क दिसेनाशी झाली, तर अगोदर चहा घ्या, मग शोधायला लागा. फॉरमॅटच्या बटणाला मात्र सर्वांत शेवटी हात लावा. बहुतेक वेळा ती वेळ येतच नाही.